पार्किन्सन्सच्या पेशंटला स्वाइन फ्लू झाला तर हे हॉस्पिटल कसं? ३ स्टार

नाव लिहीत नाही, गोव्यातलंच एक खाजगी हॉस्पिटल, मेसेज करून विचारू नका. बाबांना पार्किन्सन्स आहे बरीच वर्षं, ऐन पावसात ताप-खोकला झाला, ऑक्सिजन खाली यायला लागला म्हणून डिचोलीहून रात्रीच नेलं, टेस्टमध्ये स्वाइन फ्लू निघाला.

इमर्जन्सी एकदम मस्त. व्हीलचेअर, ऑक्सिजन, एक्स-रे पटापट, आणि रिपोर्ट यायच्या आधीच टॅमीफ्लू, म्हणजे फ्लूची गोळी, चालू केली, कारण ती पहिल्या ४८ तासांत पोटात गेली तर जास्त उपयोगी पडते.

घोळ वॉर्डात. फ्लूकडे सगळ्यांचं लक्ष, पार्किन्सन्स म्हणजे फाईलवरची एक ओळ. बाबांची सिंडोपा, म्हणजे पार्किन्सन्सची गोळी, ७, ११, ३, ७ अशी असते, जेवणाआधी, आणि यांचा औषधांचा राउंड ९ ला. सिस्टरला सांगितलं तर "मातशें रावात", म्हणजे जरा थांबा. रावलो. साडेआठपर्यंत बाबांचं अंग लाकूड, ओठाच्या कडेने लाळ, पाण्याचा घोट तोंडातच, गिळताच येईना. मी आवाज चढवला तेव्हा कुठे मोठे डॉक्टर आले, त्यांनी मात्र नीट बसून समजावलं की अशा पेशंटला नुसता व्हायरस नाही नडत, गिळणं बिघडलेलं, जोरात खोकायची ताकद नाही, म्हणून अन्नपाणी फुफ्फुसात जातं आणि फ्लूवर न्यूमोनिया चढतो, वर गोळी चुकली की हे सगळं दुप्पट. कोविडमध्ये डिमेन्शियाचे (स्मृतिभ्रंशाचे) म्हातारे जास्त दगावले, आणि २००९ च्या साथीत अमेरिकेत जी मुलं गेली त्यांच्यातही आधीपासून मेंदूचे-नसांचे आजार असलेली बरीच होती म्हणाले. मग हे वॉर्डाला आधी का नाही सांगितलं, देव जाणे.

त्यानंतर सिंडोपा वेळेवर. पण रात्री बाबांना भ्रम झाला, सलाइन ओढायला लागले, तर ड्युटीवाला डॉक्टर पेशंटला शांत करायचं सेरेनेसचं इंजेक्शन घेऊन हजर! पार्किन्सन्समध्ये ते चालत नाही, मेंदूतलं आधीच कमी पडणारं डोपामिनच अडवतं, उलटीसाठी सर्रास देतात त्या पेरिनॉर्मचंही तेच. बांबोळीच्या सरकारी हॉस्पिटलातल्या न्यूरॉलॉजीच्या कागदावर लाल पेनने लिहिलेलं आहे, तो नाकासमोर धरला. पोरगा चांगला होता हां, वाद न घालता सीनियरला फोन लावला आणि इंजेक्शन कॅन्सल केलं. तुमच्या घरी असा पेशंट असेल तर हा कागद न्यूरॉलॉजिस्टकडून आधीच लिहून घ्या, रात्री दोनला कोण कोणाचं ऐकतं.

फिजिओवाली बाई मात्र सोनं. बाबांना ताठ बसवून, हनुवटी छातीकडे घेऊन, एक चमचा, गिळलं का बघून मगच दुसरा. कॅन्टीनचं सूप पाण्यासारखं, त्याने ठसका लागायचा, तर तिनेच सांगितलं घरून उकड्याची पेज घोटून दाट करून आणा. ती गेली व्यवस्थित. छातीही तीच थोपटून मोकळी करायची.

रूम स्वच्छ, बाथरूमला धरायला दांडा आहे, सोबतच्या माणसाची खुर्ची भिकार. बिल जबरी पण इन्शुरन्सवाल्यांनी त्रास दिला नाही.

एक स्टार वॉर्डाच्या राउंडचा कापला. दुसरा डिस्चार्ज समरीचा, त्यात टॅमीफ्लूपासून कफ सिरपपर्यंत सगळं होतं, सिंडोपाच्या वेळा सोडून. काउंटरवर उभं राहून परत टाइप करून घेतली, त्यात संध्याकाळ झाली.