एम.एस्सी. पॅथॉलॉजी: धारवाड की पंतनगर?

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडीकडचा विद्यार्थी बी.एस्सी. अ‍ॅग्री संपवून वनस्पती रोगशास्त्राकडे वळला की गाडी बहुधा इथेच अडते. दोन-तीन तासांवरचं धारवाडचं कृषी विद्यापीठ घ्यावं, की गोवा एक्स्प्रेसने दीड दिवसात दिल्ली गाठून पुढे हिमालयाच्या पायथ्याच्या तराईत, उत्तराखंडातल्या पंतनगरला उतरावं? दोन्ही विभाग जुने, दोन्हीकडची पदवी चालते. फी, जागा, प्रवेश परीक्षा हे तुम्ही बघितलेलंच असणार. मी पंतनगर घेतलं. तरी धारवाडची बाजू आधी मांडतो, कारण ती खरंच भक्कम आहे.

सोयाबीनचा तांबेरा हा आपल्याच पट्ट्याचा रोग. कृष्णाकाठचं उगार खुर्द हे त्याचं हमखास ठिकाण. वाणांची तांबेऱ्यासाठी पारख तिथे होते, आणि डीएसबी २१ हा प्रतिकारक वाण धारवाडनेच दिला. उसासाठी संकेश्वर, तंबाखूसाठी निपाणी, अशी विद्यापीठाची केंद्रंही घराच्या वाटेवरच. तांबेऱ्याची बुरशी जिवंत पानावरच जगते, प्रयोगशाळेच्या प्लेटमधल्या पीडीएवर (बटाट्याच्या अर्काचं माध्यम) वाढत नाही. म्हणजे ट्रेमध्ये दर दहा-बारा दिवसांनी सोयाबीनची नवी पेरणी हवी आणि बीजाणू ब्रशने झाडून ताजेच वापरायचे. लागण करायला मिलिलिटरला साधारण एक लाख बीजाणू, चिकटायला ट्वीन-२० या साबणासारख्या द्रवाचा एखादा थेंब, संध्याकाळची फवारणी, २० ते २५ अंश तापमान आणि किमान सहा तास ओलं पान. धारवाडचा पावसाळा यातलं निम्मं काम फुकटात करून देतो. नऊ-दहा दिवसांत पानाच्या मागे फोड आले नाहीत तर बहुधा बीजाणू मेलेलेच होते, शिळे झाल्यामुळे किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत घाम धरून वाटेतच रुजल्यामुळे. नमुना नेहमी कागदी पिशवीतच आणावा. तांबेऱ्यावरच काम करायचं पक्कं असेल तर पुढचं वाचू नका, धारवाडला जा. हा रोग सोबत नेऊन तराईच्या प्लॉटवर उडवायचा विचार तर मनातही आणू नये.

पंतनगर हे १९६० साली निघालेलं देशातलं पहिलं कृषी विद्यापीठ. भाताचा खैरा रोग म्हणजे जंतू नसून जस्ताची कमतरता, हे रोगशास्त्रज्ञ वाय. एल. नेने यांनी तिथेच दाखवलं. पॅथॉलॉजीच्या मुलाने हे भिंतीवर लिहून ठेवावं, कारण प्लेटवर काही उगवलं म्हणजे रोगकारक सापडला असं नसतं. तिथल्या सोयाबीनवर रायझोक्टोनिया या बुरशीचा पानकरपा आणि पिवळा मोझॅक असतो. रब्बीत गव्हावर पिवळा तांबेरा दिसतो, जो आपल्याकडे बघायला मिळत नाही.

नवख्यासाठी रायझोक्टोनिया उदार आहे. अर्धा हिरवा, अर्धा तपकिरी असा पानावरच्या डागाच्या कडेचा ५ मिमीचा तुकडा घ्यायचा. १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटमध्ये एक मिनिट बुडवून निर्जंतुक पाण्यात तीनदा धुवायचा, गाळण कागदावर पूर्ण कोरडा करायचा आणि २ टक्के वॉटर अगरवर (नुसत्या पाण्याचं घट्ट माध्यम) ठेवायचा. करपलेल्या मधल्या भागाचा तुकडा घेतला तर अल्टरनेरिया, क्लॅडोस्पोरियम असल्या मेलेल्या पानावर जगणाऱ्या फुकट्या बुरशा आधी वर येतात, आणि ओला ठेवला तर भोवती बॅक्टेरियाचा चिकट पाझर. दीड दिवसात काटकोनात फुटलेले तंतू दिसले की टोक कापून पीडीएवर. तीन-चार दिवसांत प्लेट भरते, पुढे तपकिरी गाठी धरतात. त्या सुकवून ४ अंशांत ठेवल्या की काही महिने निश्चिंत. तांबेऱ्यात मात्र रोपं मेली की तुमचं कल्चर, म्हणजे जपलेली बुरशीही गेली.

आता ज्या कटकटीने माझा कौल पंतनगरकडे गेला ती सांगतो. एम.एस्सी.च्या दोन वर्षांत प्रयोगाला भरवशाचा खरीप एकच मिळतो, दुसऱ्या वर्षाचा. जूनअखेर पेरलेलं सोयाबीन ऑगस्टच्या सुरुवातीला फुलावर येतं, शेंग भरू लागते तेव्हा रोग जोर धरतो, आणि नेमके तेव्हाच घरात गौरी-गणपती. धारवाडहून घर इतकं जवळ की न जाण्याला कारणच उरत नाही. ‘दोन दिवस तर ये की’ असं आई म्हणते, आणि दोनाचे पाच होतात. मग घरचा ऊस, मावसभावाचा साखरपुडा, सगळ्यांना तुम्ही ‘इथेच’ वाटता.

पाच दिवसांनी काय बिघडतं? रोग किती वाढला याची ०–९ श्रेणीतली रीडिंग दर सात किंवा दहा दिवसांनी घ्यायची असतात. एक चुकलं तर नंतर भरून काढता येत नाही, कारण रोगट पानं तोवर गळून पडलेली असतात. उरलेल्या पानांवर दर्जा दिला की रोगाची टक्केवारी उतरलेली दिसते आणि फवारणी न केलेला प्लॉट फवारलेल्याइतका बरा वाटायला लागतो. रोगवाढीच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ काढताना हा खड्डा लपत नाही. परीक्षक पहिलं बोट तिथेच ठेवतो. पंतनगरहून दीड-दोन दिवसांच्या प्रवासाला कुणी आग्रहच करत नाही. दुसऱ्याचा निग्रह माझ्यापेक्षा पक्का असू शकतो, म्हणून हे सगळ्यांना लागू होईलच असं म्हणत नाही.

पंतनगरचे तोटेही आहेत. जानेवारीच्या धुक्यात आठवडा-आठवडा ऊन नसतं, कुंडीतली रोपं जागची हलत नाहीत, म्हणून कुंडीचे प्रयोग सप्टेंबर-ऑक्टोबरात किंवा फेब्रुवारीनंतर बसवावे. धारवाडला ही अडचण जवळपास नाहीच. भाषेचं म्हणाल तर सर्वेक्षणात तिथला शेतकरी तांबेऱ्याला रतुआ म्हणेल, धारवाडकडचा तुक्कू. सीमाभागातल्या मुलाला दोन्ही आठवड्याभरात जमतं. रजई मात्र तिथेच घ्या, इथून वाहून नेण्यात अर्थ नाही.

पंतनगर ठरवलं तर घरचा रोग विषय म्हणून हुडकत बसू नका, तिथल्या रानात आहे तोच घ्या. आणि कुठेही गेलात तरी गाइड पक्का करण्याआधी तिथल्या सीनियरला तीन गोष्टी विचारा: ऑटोक्लेव्ह (वाफेवर निर्जंतुक करायचं यंत्र) किती जणांत आहे, वीज गेली तर इन्क्युबेटरला बॅकअप आहे का, आणि रविवारी लॅबची किल्ली कुणाकडे असते.