रेड डेड रिडेम्पशन २: लय स्लो आहे म्हणतात, तरी खेळा

आमच्या इकडच्या पोट्ट्यांचा एकच प्रश्न असतो, "भाऊ गेम भारी दिसते पण लय स्लो हाये म्हणतात, घ्याव का?" उत्तर आधीच देऊन टाकतो, घ्या. फक्त हा घोड्यावर बसवलेला जीटीए (शहरात गाड्या पळवायच्या अन गोळ्या झाडायच्या तो गेम) नाही हे डोक्यात ठेवून घ्या. रात्री जेवण झाल्यावर अर्धा तास धडाधड गोळ्या झाडायच्या अन झोपायचं असा ज्याचा हिशोब आहे त्याला हा गेम कंटाळवाणाच वाटणार, अन त्यात त्याची काही चूक नाही. पण वेचणीची गडबड सरली, संध्याकाळी वावरातून जरा लवकर घरी आलं अन दोन-तीन तास सलग बसता आलं, अशा माणसासाठी याच्या तोडीचा दुसरा गेम मला तरी माहीत नाही.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रॉकस्टार कंपनीचा गेम, ऑक्टोबर २०१८ मध्ये पीएस४ अन एक्सबॉक्स वन या टीव्हीला जोडायच्या गेम मशीनवर आला, पीसीवर यायला नोव्हेंबर २०१९ उजाडलं. नावात २ आहे पण गोष्ट पहिल्याच्या आधीची आहे. पहिला गेम २०१० चा, तो १९११ सालात घडतो अन हा १८९९ मध्ये, त्यामुळे पहिला खेळला नसला तरी काहीच अडत नाही. आर्थर मॉर्गन नावाचा डाकू, त्याला पोरवयापासून वाढवणारा टोळीचा म्होरक्या डच, अन बायका-पोरासकट सगळी टोळी. ब्लॅकवॉटर नावाच्या गावात फेरीबोटीवरचा दरोडा फसला, पैसा तिथंच राहिला अन हे सगळे बर्फाच्या डोंगरात पळून आले, इथून गेम सुरू होतो. जमाना बदलून राहिला, रेल्वे आली, तारायंत्र आलं, पिंकर्टन या खाजगी गुप्तहेर कंपनीचे एजंट मागे लागले, अन डच आपला दर वेळी म्हणतो की बस एक मोठा हात मारू अन निघून जाऊ.

माझ्या ओळखीतल्या ज्यांनी गेम सोडला त्यांनी बर्फातच सोडला. पहिला चॅप्टर सगळा बर्फाचा, घोडा गुडघ्याइतक्या बर्फातून रुतत चालतो, गेम एकेक बटण शिकवत बसतो, अन फिरायला मोकळीक अजिबात नाही. तेवढं सहन करा. दुसऱ्या चॅप्टरला डोंगर उतरून खाली येता, समोर सगळा हिरवा मुलूख उघडतो, व्हॅलेंटाईन नावाचं चिखलानं भरलेलं छोटं बाजाराचं गाव लागतं, अन खरा गेम तिथून चालू होतो. त्याच्या आधी रिफंडचा विचार करू नका.

आता स्लो म्हणजे किती स्लो ते ऐका, म्हणजे घेतल्यावर मला शिव्या नको. कपाट उघडलं की आर्थर हात घालून एकेक डबा उचलून खिशात टाकतो. हरीण मारलं तर खाली बसून कातडं सोलतो, गुंडाळतो, खांद्यावर घेतो, चालत जाऊन घोड्याच्या पाठीवर टाकतो, अन दर वेळी ते सगळं बघावंच लागतं. मटण भाजायचं तर एक एक तुकडा. टोळीच्या तळावर, म्हणजे कॅम्पमध्ये, पळता येत नाही, चालायचंच. बंदूक पुसली नाही तर तिचा दम कमी होतो. दाढी वाढते, कपडे मळतात, थंडीत पातळ शर्ट घालून डोंगरात गेलं तर तब्येत उतरते. फास्ट ट्रॅव्हल, म्हणजे नकाशावरून थेट दुसऱ्या गावात पोचायची सोय, तीसुद्धा आधी नाही, कॅम्पच्या वहीतून पैसे खर्चून पहिले डचची जागा सुधारायची, मग आर्थरची, तेव्हा कुठं नकाशा मिळतो, नाहीतर तिकीट काढून रेल्वेनं किंवा घोडागाडीनं जा. मी तर म्हणतो नकाशा मिळाला तरी वापरू नका, कारण या गेमची अर्धी मजा रस्त्यातच आहे. एकदा जंगलात एक जण साप चावला म्हणून ओरडत होता, मी उतरून त्याचं विष चोखून काढलं अन विसरून गेलो, नंतर कितीतरी वेळानं गावात गेलो तर तोच माणूस बंदुकीच्या दुकानाबाहेर बसलेला, मला ओळखून म्हणतो आत जाऊन पाहिजे ते घे, पैसे मी देतो. नकाशावरून उडी मारत फिरला असता तर हा माणूस भेटलाच नसता.

घोड्याबद्दल तर वेगळंच लिहावं लागेल. घोडा म्हणजे इथं नुसती गाडी नाही, त्याला चारायचं, ब्रश मारायचा, थोपटायचं, अन जसजशी सवय होते तसतसं नातं चार पायऱ्यांनी वाढतं, मग तो लांबूनही शिट्टी ऐकून येतो अन साप-अस्वल दिसल्यावर पहिल्यासारखा उधळत नाही. पोळ्याच्या आधल्या दिवशी खांदमळणीला बैलाच्या खांद्याला तूप-हळद चोळताना हाताखाली जे वाटते, तसंच काहीतरी या ब्रश मारण्यात आहे, हे ज्याच्या घरी जोडी आहे त्याला लगेच समजेल. अन घोडा मेला तर मेला. जवळ त्याला शुद्धीवर आणायचं औषध असलं अन वेळेत दिलं तर वाचतो, नाहीतर कायमचा गेला, मग त्याच्या अंगावरचं खोगीर काढून खांद्यावर टाकायचं अन पायी निघायचं. म्हणून ते औषध कायम सोबत ठेवा. चांगला घोडा फुकटात पाहिजे असेल तर पश्चिमेच्या बर्फात लेक इझाबेला नावाचा तलाव आहे, तिथं पांढरा अरबी घोडा मोकळा फिरत असतो, हळूहळू जवळ जा, फास टाका, शांत करा अन बसा. घाई केली की पळाला.

आता ज्याच्यासाठी एवढं लिहायला बसलो ती गोष्ट. टोळीत स्ट्रॉस नावाचा एक हिशोबनीस आहे, तो अडल्यानडल्या लोकांना भारी व्याजानं पैसे देतो अन वसुलीला आर्थरला पाठवतो. त्यातला एक जण थॉमस डाऊन्स, व्हॅलेंटाईनजवळ त्याचं लहानसं शेत, बायको, एक पोरगा. माणूस आजारी, खोकून राहिला, हातात काही नाही. अन तिथं गेम तुमच्या हातात बटण देतो, त्याला बुक्क्यांनी मारायचं. हे मिशन, म्हणजे गेमनं दिलेलं काम, टाळताच येत नाही. मी खेळत होतो तेव्हा वडील मागं खाटेवर बसून बघत होते, त्यांना इंग्रजी समजत नाही, गेम तर काय समजणार, पण कुंपणापाशी त्या माणसाची गचांडी धरलेली अन बायको धावत बाहेर आलेली पाहिली तशी ते म्हणाले, "याचं वावर गेलं आता."

आपल्या भागात हे कोणाला समजावून सांगायची गरज नाही. २०१४ चा सावकारी कायदा आला, लायसन आलं, तक्रारीची सोय आली, पण वसुलीला दारात उभा राहणारा माणूस कसा दिसतो, घरातले लोक त्याच्याशी कुठल्या आवाजात बोलतात, हे गावात वाढलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. डाकूंचे गेम पुष्कळ आहेत, त्यात बँक लुटायची, रेल्वे लुटायची, पोलीस मारायचे, सगळं खेळ म्हणून चालून जातं. इथं गेमनं मला वसुलीवाल्याच्या जागी उभं केलं अन ते मला आवडलं नाही, अन आवडू नये असंच त्यांनी ते केलेलं आहे. या एका भेटीतून पुढं काय काय निघतं ते मी सांगत नाही, पण पूर्ण गोष्टीची दोरी तिथं बांधलेली आहे एवढं ध्यानात ठेवा.

अन हे एवढं लागते का, तर गेम स्लो आहे म्हणून लागते. तोपर्यंत तुम्ही आर्थरसोबत इतके तास काढलेले असतात, त्याचा घोडा पुसलेला असतो, कॅम्पात लाकडं फोडलेली असतात, रात्री शेकोटीजवळ लोकांच्या गप्पा ऐकलेल्या असतात, तो डायरीत पक्ष्यांची अन झाडांची चित्रं काढतो ती पाहिलेली असतात. मग त्याचा हात उठला की आपलाच उठला असं वाटतं. हेच जर झटपट मिशन, झटपट पैसे अशा गेममध्ये असतं तर बटण दाबून पुढं निघून गेलो असतो. म्हणून मला "गेम चांगला आहे पण स्लो आहे" हे बोलणंच पटत नाही. आर्थरला आवाज देणारा रॉजर क्लार्क, त्याला २०१८ च्या गेम अवॉर्ड्समध्ये बेस्ट परफॉर्मन्स मिळाला, कथेचं बक्षीस पण याच गेमला मिळालं, अन दोन्ही बरोबरच मिळाले. एक अजून, शेवटच्या भागात स्ट्रॉसच्या कर्जदारांची काही मिशन येतात, ती करायलाच पाहिजे असं नाही, नकाशावर राहून जातात. ती सोडू नका, तिथं आर्थरला वसुलीपेक्षा दुसरं काही करता येतं.

मग खोट काय? खोट आहे, अन मोठी आहे, पण ती लोक सांगतात तिथं नाही. मिशनच्या बाहेर गेम तुम्हाला पूर्ण मोकळा सोडतो, अन मिशन सुरू झालं की मानेवर जू ठेवतो. सोबत्याच्या मागंच जायचं, सांगितलेल्या जागेवरच लपायचं, जरा आडवाटेनं घेरून जाऊ म्हटलं की मिशन फेल. एवढं मोठं रान बनवलं, त्यात डोकं चालवायला जागा का नाही ठेवली? दुसरं, जवळपास प्रत्येक मोठं मिशन शेवटी गोळीबारात जातं. एका दुपारी आर्थर पाच-पन्नास माणसं लोळवतो अन संध्याकाळी डायरीत एका माणसाबद्दल हळहळतो, हे जुळत नाही. तिसरं पैशाचं, डच शेवटपर्यंत पैसा पाहिजे, पैसा पाहिजे करत राहतो अन इकडं माझ्या खिशात तिसऱ्या चॅप्टरपासून इतका पैसा पडून की खर्च कशावर करावा समजत नाही. पाचव्या चॅप्टरमध्ये टोळीतले काही जण एका बेटावर जातात, तो भाग मला ओढूनताणून आणलेला वाटला, बरं आहे की लवकर संपतो. यातलं काहीच गेम सोडण्याइतकं वाईट नाही, पण ज्यांनी घोड्याच्या अंगावरचा घाम दाखवायला एवढी मेहनत घेतली त्यांच्याकडून मिशनमध्ये जास्त अपेक्षा होती.

आता गावात बसून खेळणाऱ्यांच्या कामाचं. पीसीवर जागा १५० जीबी लागते. रोजच्या दोन जीबीच्या पॅकवर डाउनलोड करायला बसलात तर अडीच महिने, म्हणून ते डोक्यातून काढा. तालुक्याला किंवा अमरावती-यवतमाळला कोणाकडं फायबर असेल तिथं लॅपटॉप घेऊन जा, किंवा ज्याच्याकडं स्टीमवर (पीसीचे गेम विकणारं ऑनलाइन दुकान) गेम आहे त्याचं फोल्डर हार्डडिस्कवर आणून आपल्या स्टीममध्ये टाका, मग फक्त राहिलेल्या फाइल उतरतात. गेम अर्थातच आपल्या नावावर विकत घेतलेला पाहिजे. कंपनीनं कमीत कमी म्हणून जीटीएक्स ७७० ग्राफिक्स कार्ड अन ८ जीबी रॅम सांगितली आहे, चांगलं चालायला जीटीएक्स १०६० अन १२ जीबी. माझ्याकडं जीटीएक्स १६५० वाला लॅपटॉप आहे, मिडियम सेटिंगवर आरामात खेळता येतो, पाण्याचं फिजिक्स अन धुक्याची क्वालिटी तेवढी खाली ओढली. साध्या हार्डडिस्कवर टाकू नका, एसएसडीवरच टाका.

लाईनचं सगळ्यात महत्त्वाचं. मिशनच्या मधात स्वतःहून सेव्ह करता येत नाही, मधातच लाईन गेली अन मशीन बंद पडली तर अख्खं मिशन पहिल्यापासून. काही मिशन चांगली लांब आहेत. लॅपटॉप असला तरी बॅटरीवर गेम अडखळतो अन तासाभरात चार्जिंग खलास. म्हणून इन्व्हर्टर नसेल तर ज्या वेळेला लाईन जायचा भरवसा आहे त्या वेळेला मिशनला हातच लावू नका, शिकार करा, मासे पकडा, घोडा फिरवा, अन मधे मधे सेव्ह मारत राहा.

भाषा इंग्रजीच, मराठी-हिंदी काहीच नाही, अन बोलणं त्या काळच्या दक्षिणेकडच्या ढंगाचं, म्हणून सबटायटल चालूच ठेवा. गेम १८ च्या वरच्यांसाठी आहे, रक्त, शिव्या, फाशी सगळं आहे, लहान पोरं बाजूला बसवून खेळायचा नाही. घोडा पाहायला माझा पुतण्या येऊन बसतो तेव्हा मी फक्त घोडाच फिरवतो. इंटरनेटवर दुसऱ्यांसोबत खेळायच्या ऑनलाइन भागाच्या नादानं घेऊ नका, रॉकस्टारनं २०२२ मध्येच मोठे अपडेट बंद केल्याचं सांगून टाकलं, पैसे गोष्टीसाठीच द्यायचे. पूर्ण किमतीत घ्यायची पण घाई नको, सेलमध्ये बराच खाली येतो. अन हा संपला की लगेच पहिला घ्या, तो ऑक्टोबर २०२४ पासून पीसीवर पण आहे. आधी २ मग १ हाच क्रम ठेवा, कारण याचा शेवटचा भाग सरळ त्याच्या दारात नेऊन सोडतो. अन यूट्यूबवर याची स्टोरी शोधू नका, थंबनेललाच सगळं सांगून मोकळे होतात लोक.