हायड्रोपोनिक्सच्या 'बायबॅक'मध्ये माझे ४५,४५० रुपये गेले, तुम्ही तरी अडकू नका

आधीच सांगते, हायड्रोपोनिक्स, म्हणजे मातीशिवाय पाण्यात पिकं घेणं, खोटं नाहीये. पाण्यात लेट्यूस येतं, पालक येतो, पुदिना तर कुठेही येतो. खोटं आहे ते "किट आमचं, माल पण आम्हीच उचलणार" हे, म्हणजेच बायबॅक. एवढा नफा असता तर किट विकणाऱ्याने स्वतःच नसतं का पिकवलं, असं आता सगळे मला ऐकवतायत, पण तेव्हा हेच लोक आमच्या गच्चीवर येऊन सेल्फी काढून गेले होते.

हिशोब असा. बुकिंग ५,०००. ८० होलचं (रोपं खोचायच्या भोकांचं) किट बसवल्यावर २८,५००. डिसेंबरात पहिलं पीक निघालं, ४ किलो लेट्यूस, ३०० रुपये किलोने १,२०० रुपये त्याच संध्याकाळी यूपीआयवर जमा. इथेच विश्वास बसला हो, कोणाचाही बसला असता. मग लगेच "प्रीमियम ग्रोअर कोड" काढा म्हणे, १०,००० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ११,८००. वर खताच्या रिफिलचे १,३५०. जीएसटी घेतला, पण बिलावर जीएसटी नंबरच नाही! आणि नंबर असला तरी तो जीएसटीच्या पोर्टलवर टाकून बघायचा, फुकट आहे.

पण खरं कळायला हवं होतं ते डेमोच्या दिवशी. त्यांच्या गच्चीवर मी स्वतः एक नेट पॉट, म्हणजे रोप ठेवायची जाळीची कुंडी, उचलून बघितला. मुळं आखूड, आणि त्यांना लाल माती चिकटलेली. माती! अहो, ज्यात मातीच वापरत नाहीत तिथे माती आली कुठून? रोपं करतात ती कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) नाहीतर रॉकवूलमध्ये (दगडापासून केलेली लोकर), आणि पाण्यात वाढलेली मुळं लांब, पांढरी, पाइपात पसरलेली असतात. हे सरळ नर्सरीतून पिशवीतली रोपं आणून सकाळी भोकांत खोचलेलं होतं. मी विचारलं सुद्धा. तर हसून म्हणतो, "मॅडम, नजर बारीक आहे तुमची, ती हार्डनिंगची माती." म्हणजे म्हणे रोपं बाहेरच्या हवेला सरावायला. मी गप्प. हाताची माती ओढणीला पुसली आणि जिन्यातच ५,००० पाठवले. अजून आठवलं की डोकं फिरतं. पण माझ्या बरोबरचे रिटायर्ड काका, आयुष्यभर बँकेत नोकरी केलेले, त्यांनी तर दोन किट घेतली, मग मलाच का बोलता?

पुढे व्हायचं तेच झालं. माझा माल त्यांच्या मते "बी ग्रेड" निघायला लागला. मार्चमध्ये टाकीतलं पाणी दुपारी कोमट, मुळं तपकिरी बुळबुळीत, लेट्यूसला तुरे आले, पानं कडू. पुण्याच्या उन्हाळ्यात उघड्या गच्चीवर लेट्यूस टिकत नाही हे विकणाऱ्याला माहीत नसेल? रिफिलचं खतही एकाच बाटलीत, तळाला पांढरा गाळ, "हलवून वापरा." कॅल्शियम नायट्रेट आणि सल्फेट-फॉस्फेटवालं खत घट्ट असताना एकत्र केलं की गाळच बसणार, म्हणून तर ए आणि बी अशा दोन बाटल्या असतात. एकच घट्ट बाटली देणाऱ्याकडून काही घेऊ नका. आणि "फूड ग्रेड" पाइप म्हणजे साधा ड्रेनेजचा, आमच्या प्लंबरने बघताक्षणी सांगितलं.

चौकीत गेले तर साहेब म्हणतात, ताई हे सिव्हिल मॅटर आहे, किट तर दिलंय ना त्याने. दुसऱ्या दिवशी गेले तर म्हणे त्यांचा पत्ता आमच्या हद्दीत नाही, तिकडे जा, तिकडे गेले तर म्हणे पैसे तुमच्या घरून गेलेत, तुमच्याकडेच द्या, आणि झिरो एफआयआरचं नाव काढलं, म्हटलं हद्द कुठलीही असो, बीएनएसएसचं (भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं) कलम १७३ वाचा, तर मला विचारतात तुम्ही वकील आहात का! अर्जावर पोच द्यायला दीड तास बसवलं. बँकेत गेले तर "पिन तुम्हीच टाकलाय ना?" हो टाकला, म्हणून काय चोर साव झाला का?

म्हणून सांगते, कळल्या कळल्या त्याच तासात १९३० ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन करा, मी बघू-बघू करत बसले. ग्राहक आयोगात तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, मुदत २ वर्षं. माझी तयारी चालू आहे. चॅट डिलीट करू नका, त्याने सगळे मेसेज "डिलीट फॉर एव्हरीवन" केलेत, माझे स्क्रीनशॉट होते म्हणून वाचले. शिकायचंच असेल तर एक जुनी बादली, एअर पंप आणि चार पुदिन्याच्या काड्या घ्या, एवढ्यात समजतं जमतंय का ते.

आणि हो, तोच माणूस आता एसी खोलीत केशर पिकवायचं किट विकतोय. नंबर नवा आहे, बायबॅक तोच.