तरुणांच्या गोष्टी टिपायला झूम एच१एन: कुठे कामाचा, कुठे नाही

टेंभू उपसा सिंचन योजनेचं पाणी आलं, आता डाळिंबाशिवाय काय लावायचं? गलाईच्या (सोनं-चांदी गाळण्याच्या) धंद्यात परमुलखात गेलेले भाऊ गावात परततील का? मुलींना पुढे शिकायला बाहेर पाठवतील का? सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीकडची तरुण मुलं बोलती झाली की हे विषय निघतातच. मोबाइलवर हे टिपता येतं, पण दबकत बोलणाऱ्या मुलीचं निम्मं वाक्य त्यात विरून जातं. तिच्यासाठी झूम एच१एन हा छोटा रेकॉर्डर घ्यावा.

एकेकाला बोलतं करायचं असेल तर आवाज फार स्वच्छ येतो. दहाजणांच्या गोलात मधोमध ठेवलात तर मात्र जवळचे दोघेच नीट ऐकू येतात. हातोहात फिरवू नका, प्लास्टिकची बॉडी बोटांची खरखर पकडते. मागे ट्रायपॉडचा आटा आहे. छोट्या स्टँडवर लावून तोंडापासून वीतभर लांब, किंचित बाजूला ठेवा. समोर धरला तर प, फ, भ फुटतात.

ऑटो लेव्हल, म्हणजे आवाज आपोआप कमी-जास्त करणारं बटण, बंदच ठेवा. पुढच्या आयुष्याबद्दल बोलताना मुलं थांबतात, विचार करतात, आणि नेमकं तेव्हा हे बटण पंख्याची घरघर वर आणतं. आवाजाची चाकी हाताने फिरवून मीटर उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवा, खालची घरघर कापणारा लो कट लावा. पत्र्याच्या समाजमंदिरात आवाज घुमतो. दोन गोधड्या भिंतीवर टांगल्या तरी बराच फरक पडतो. उघड्या माळावर केसाळ विंडशील्ड हवंच, नुसता फोम वाऱ्याला पुरत नाही.

दोन एएए सेलवर तो साधारण १० तास चालतो. चार्जेबल सेल असतील तर सेटिंगमध्ये तो प्रकार निवडा, नाहीतर उरलेली बॅटरी चुकीची दिसते. मायक्रोएसडी कार्ड ३२ जीबीपर्यंतचंच चालतं. १६ बिट, ४८ किलोहर्ट्झवर तासाला सुमारे ७०० एमबी जागा लागते.

सुरुवातीलाच बोलणाऱ्याकडून नाव, तारीख आणि ‘हे कुणाला ऐकवायचं’ याची परवानगी रेकॉर्ड करून घ्या. वय १८च्या आत असेल तर पालकांचीही घ्या. गावाच्या कारभारावर मुलं मोकळेपणी बोलतात, त्याचा त्रास पुढे त्यांनाच व्हायला नको.

२०२४मध्ये आलेल्या एच१ इसेन्शियलमध्ये ३२ बिट फ्लोट (हळू आणि मोठा दोन्ही आवाज न फाटता टिपणारी पद्धत) आहे, त्यामुळे चाकीची कटकट नाही. नवाच घ्यायचा तर तो बघा. फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची झाल्यास डॉक्युमेंट म्हणून पाठवा.