भोंग्याची रिक्षा की मोबाईलवरची रील?

भाची नगरपरिषदेला अपक्ष उभी राहतेय. पैसे मोजके. विचारत होती, "मामा, रिक्षा फिरवू की रील करून घेऊ?" एजन्सीवाले लाखभर व्ह्यूज सांगतात, ते मी धरलंच नाही. त्यातले तिच्या प्रभागातले किती?

आधी चिन्ह. अपक्षाला ते अगदी शेवटी मिळतं, मतदानाला थोडे दिवस उरलेले असताना. कपबशी मिळाली तर ती लोकांच्या डोक्यात बसायला हवी, आणि तिथे भोंग्याला तोड नाही. "ताई, कपबशी, कपबशी!" भाजी निवडता निवडता बाई दहादा ऐकते. चिन्हातला गोंधळ किती महागात पडतो ते साताऱ्यात 2024च्या लोकसभेला दिसलं. 'तुतारी वाजवणारा माणूस' हे शरद पवारांच्या पक्षाचं चिन्ह, आणि एका अपक्षाकडे तशीच दिसणारी नुसती पिपाणी. पिपाणीला 37,062 मतं, आणि तुतारीवाला उमेदवार हरला 32,771 मतांनी.

खर्च दोन्हीकडे हिशेबात दाखवावा लागतो. रिक्षाला रोजचं भाडं, शिवाय परवानगी, आणि रात्री 10 नंतर आवाज बंद. रील एकदा केली की फिरत राहते.

पण मन वळवायचं तर भोंगा कमी पडतो. नळाला पाणी का येत नाही हे टाकीपाशी उभं राहून मिनिटभरात दाखवलं, तर पुण्या-मुंबईत कामाला गेलेली पोरंही बघतात आणि घरी फोन करतात.

नवा चेहरा, नवं चिन्ह, वयस्क मतदार जास्त असतील तर रिक्षाच. ओळख आधीच असेल आणि एखादा प्रश्न पटवून द्यायचा असेल तर रील. भाचीला मी रिक्षा घ्यायला सांगितलंय.