आठ महिने ठिपक्यांच्या पिंजऱ्यात: किलर सुडोकूचा माझा अनुभव

पहिलं कोडं उघडलं तेव्हा समोर ८१ रिकामी घरं होती. एकही आकडा दिलेला नाही. नेहमीच्या सुडोकूत उत्तर एकच यायचं असेल तर किमान १७ आकडे आधीच भरलेले असावे लागतात, हे डब्लिनच्या गणितज्ञांनी २०१२ मध्ये संगणकाच्या मदतीने दाखवून दिलं. किलरमध्ये मात्र नुसते ठिपक्यांच्या रेषांनी आखलेले पिंजरे, आणि प्रत्येक पिंजऱ्याच्या कोपऱ्यात एक बारीक संख्या. ती आतल्या घरांची बेरीज. बाकी नियम ओळखीचेच: आडव्या ओळीत, उभ्या ओळीत आणि नऊ घरांच्या चौकोनात १ ते ९ एकेकदाच. पिंजऱ्यातही तोच आकडा पुन्हा नाही.

आता आठ महिने झाले. सकाळी डोंबिवलीहून सीएसएमटीला जाताना लोकलमध्ये मोबाइलवर एक, आणि रात्री जेवणं झाली की आईबरोबर छापील पुस्तकातलं एक, पेन्सिल आणि खोडरबर घेऊन. मध्यम पातळीच्या कोड्याला सुरुवातीला तासभर लागायचा, आता वीस-पंचवीस मिनिटं लागतात. वेळ कमी झाला यात मला फार रस नाही. मला हा प्रकार आवडला तो एका कारणासाठी: यात एकही आकडा अंदाजाने टाकावा लागत नाही. प्रत्येक घरामागे कारण असतं आणि ते शेजारच्या माणसाला दोन वाक्यांत सांगता येतं.

एक उदाहरण देते, म्हणजे मी काय म्हणतेय ते कळेल. सगळ्या किलरचा पाया ४५ हा आहे. १ आणि ९, २ आणि ८, ३ आणि ७, ४ आणि ६ अशा दहाच्या चार जोड्या, वर एकटा ५, मिळून ४५. म्हणजे कुठल्याही ओळीची किंवा चौकोनाची बेरीज ४५च. आता समजा डावीकडच्या वरच्या चौकोनात तीन पिंजरे पूर्ण बसलेत: दोन घरांत १७, तीन घरांत ७, आणखी तीन घरांत १६. आठ घरं झाली, बेरीज ४०. नवव्या घरात ५, दुसरं काही असूच शकत नाही. ते घर भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याशी दोन घरांच्या पिंजऱ्यात बांधलेलं आहे आणि त्यावर ८ लिहिलंय? मग शेजारी ३. आणि ३ त्या ओळीत आला, म्हणजे पहिल्या चौकोनातला ३ आता त्या ओळीत नाही. एका बेरजेतून तीन गोष्टी निघाल्या. अशी साखळी लागली की ठाणं कधी गेलं ते मला कळत नाही.

आईला मी हे दाखवलं ते सहज. तिने आयुष्यात साधं सुडोकूही सोडवलं नव्हतं. पण ती पावकी-निमकीसकट पाढे पाठ असलेल्या पिढीतली. सतराचा पिंजरा बघून ती लगेच म्हणाली, "अगं, दोन घरांत सतरा म्हणजे आठ-नऊच की. विचार कसला करतेस?" सोळा म्हणजे सात-नऊ, तीन म्हणजे एक-दोन, चार म्हणजे एक-तीन, हे तिला कुणी शिकवावं लागलं नाही. मला ज्यासाठी तक्ता बघावा लागायचा ते तिच्या तोंडावर होतं.

आणि एक गोष्ट तिच्यामुळे मला नव्याने दिसली. चार घरांत २९ असा पिंजरा आला होता. मी जुळण्या लिहून काढत बसले होते. आई म्हणाली, "शब्दच बघ ना. एकोणतीस. तिसाला एक उणा." चार घरांत ३० एकाच तऱ्हेने होतात: ६, ७, ८, ९. त्यातला एक कमी करायचा. ९ चा ८ केला तर ८ दोनदा येतो, ८ चा ७ केला तर ७ दोनदा, ७ चा ६ केला तरी तेच. फक्त ६ चा ५ होऊ शकतो. म्हणून ५, ७, ८, ९. मराठीत आपण एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस म्हणतो तेव्हा वजाबाकी करूनच म्हणतो, हे मला माहीत होतं; पण ती वजाबाकी कोडं सोडवायला उपयोगी पडेल असं कधी वाटलं नव्हतं. तेव्हापासून मोठ्या बेरजा मी वरून खाली मोजते. तुम्हीही करून पाहा, जुळण्या पाठ करण्यापेक्षा हे सोपं जातं.

हसणंही इथूनच सुरू झालं. आडव्या पिंजऱ्यात ९ हवे होते आणि मी डावीकडून ३, ६ असं लिहिलं. आई म्हणाली, "छत्तीसचा आकडा घातलास घरात. ६३ कर, तोंडं समोरासमोर येतील." देवनागरीत ३ आणि ६ एकमेकांकडे पाठ करून बसतात म्हणून तो वाक्प्रचार, आणि उलटे लिहिले की खरंच समोरासमोर येतात. बेरीज दोन्हीकडे ९च. उभ्या ओळीतल्या दुसऱ्या ३ मुळे शेवटी ६३च बरोबर निघालं, आणि आम्ही दोघी कितीतरी वेळ हसत होतो. आता नऊचा आडवा पिंजरा दिसला की आमच्याकडे "भांडण की समेट?" असंच विचारलं जातं.

गणितातला विनोद मला असाच आवडतो, ज्यात हसू येतं आणि गणितही खरं असतं. एका मैत्रिणीने गाडीत सांगितलेली ही सिद्धता घ्या: कंटाळवाणी संख्या अस्तित्वातच नाही. समजा आहेत, तर त्यातली सगळ्यात लहान कोणती? ती "सगळ्यात लहान कंटाळवाणी संख्या" म्हणून लगेच विशेष ठरते. म्हणजे यादीतून बाहेर. मग पुढची, मग तिच्या पुढची. दादरपर्यंत आम्ही त्यातली पळवाट शोधत होतो.

४५ च्या मागे लागले आणि द. रा. कापरेकरांपाशी पोचले. डहाणूत १९०५ साली जन्म, देवळालीला शाळामास्तर, आणि जन्मभर संख्यांशी खेळणं. ४५ चा वर्ग २०२५. मधोमध तोडा: २० अधिक २५, पुन्हा ४५. अशा संख्यांना जगभर कापरेकर संख्या म्हणतात. शिवाय ४५ च्या अंकांची बेरीज ९, आणि ९ ने ४५ ला पूर्ण भाग जातो; अशा संख्यांना त्यांनी नाव दिलं हर्षद, म्हणजे आनंद देणारी. जी बेरीज मी रोज शंभरदा करते ती दोन्हीकडून त्यांची निघाली. तेच २०२५ घेऊन मी त्यांची प्रसिद्ध वजाबाकीही केली: अंक उतरत्या क्रमाने लावायचे, त्यातून चढत्या क्रमाचे वजा करायचे. ५२२० वजा ०२२५ बरोबर ४९९५, मग ५३५५, १९९८, ८०८२, ८५३२ आणि सहाव्या पायरीला ६१७४. चारही अंक सारखे नसतील तर कुठलीही चार अंकी संख्या जास्तीत जास्त सात पायऱ्यांत तिथेच येऊन थांबते.

डोंबिवलीकर म्हणून मला सगळ्यात आवडलं ते वेगळंच. त्यांनी एका संख्याकुळाला डेम्लो हे नाव दिलं, कारण ती कल्पना त्यांना मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या त्या नावाच्या स्टेशनवर सुचली होती. ते आजचं डोंबिवली. नऊ वेळा १ लिहून वर्ग केला की येणारी १२३४५६७८९८७६५४३२१ ही त्याच कुळातली. ज्या स्टेशनावर मी रोज सकाळी गर्दीत उभी असते तिथे कुणाला तरी हे सुचलं होतं, या विचाराने मला अजून भरून येतं.

आता तक्रारी. ॲपमधलं मदतीचं बटण घरात नुसता आकडा टाकतं, कारण सांगत नाही. माझ्या दृष्टीने ही मदत नाही, कोडं हिसकावून घेणं आहे. शक्य आकडे आपोआप भरायची सोयही मी पहिल्याच महिन्यात बंद केली, कारण निम्मा विचार त्यातच असतो. घड्याळही लपवून ठेवलंय. मोबाइलवर कोपऱ्यातली बेरीज फार बारीक दिसते. १३ आहे की १८ हे हलत्या गाडीत कळत नाही, आणि एक बेरीज चुकीची वाचली की पुढचं सगळं वाया. चाळिशी लागलेल्यांनी सरळ छापील पुस्तक घ्यावं.

पण छापील पुस्तकाचा दोष जास्त गंभीर निघाला. एका कोड्यात शेवटी चार घरं उरली: त्याच दोन आडव्या ओळींत, वेगवेगळ्या चौकोनांत, दोन उभे पिंजरे, दोघांवर ११, आणि दोन्हीकडे ४ व ७ च उरलेले. एकीकडे ४ वर घेतला तर दुसरीकडे ७ वर. उलट केलं तरी सगळं जुळतंच. ओळी, चौकोन, बेरजा, सगळं. म्हणजे उत्तरं दोन. आम्ही दोन रात्री आपली चूक शोधत होतो. शेवटी आई म्हणाली, "हे कोडं नाही, ही तर पसंती विचारतायत." पुस्तकात अशी आणखी दोन सापडली. किलरमध्ये हा अक्षम्य दोष आहे, कारण एकच उत्तर या विश्वासावर माणूस तर्क करत असतो. पुस्तक घेताना प्रत्येक कोड्याचं उत्तर एकमेव असल्याचं लिहिलेलं आहे का, ते नक्की बघा.

ज्यांना बेरीज-वजाबाकीचाच कंटाळा आहे त्यांनी साधं सुडोकूच सोडवावं, तेही सुंदर आहे. मुलांना द्यायचं असेल तर चौथी-पाचवीपासून, सहा बाय सहाच्या लहान कोड्यांनी सुरू करा. तिथे ४५ ऐवजी २१ धरायचे.

आमचं सध्या अतिकठीण पातळीचं एक कोडं गेल्या शनिवारपासून अर्धवट पडलंय. आज दुपारी ऑफिसात आईचा फोन आला. उजवीकडच्या खालच्या चौकोनात तीन घरांत २४ आहेत, हे आपण बघितलंच नव्हतं म्हणाली. मी येईपर्यंत भरणार नाही, असं कबूल केलंय तिने.