‘निधी मंजूर झालाय ताई’ : आमचे ४३,५०० रुपये कसे गेले

सोलापुरात पूर्व भागात संध्याकाळी सहानंतर आमचा वर्ग भरतो. वर्ग म्हणजे बंद पडलेल्या यंत्रमागाच्या शेडपुढचं अंगण. २२ मुलं-मुली आहेत, १३ ते १९ वयाची. बहुतेकांची शाळा सातवी-आठवीतच सुटली. कुणी कारखान्यात कांड्या भरतं, कुणी आईशेजारी बसून विडीची पानं कापतं. घरी तेलुगू नाहीतर कन्नड बोलणारी ही पोरं इथं मराठीत नाटक बसवतात, लेझीम खेळतात, हलगी शेकून वाजवतात. त्या दोन तासांत त्यांना कुणी ‘शाळा का सोडली’ असं विचारत नाही.

यंदा १२ जानेवारीला त्यांनी सोलापूरच्या चार हुतात्म्यांवर पथनाट्य केलं. १९३० चा मार्शल लॉ आणि १९३१ ची येरवड्याची फाशी, सगळं वीस मिनिटांत. बघणाऱ्या बायकांचे डोळे भरून आले होते. गर्दी पांगल्यावर एक गृहस्थ जवळ आले. इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, बोलणं अगदी मऊ. म्हणाले, “ताई, अशा पोरांसाठीच तर कंपन्यांचा पैसा पडून असतो. मागायला कुणी येत नाही.”

ते स्वतःला पुण्याच्या एका संस्थेचे समन्वयक म्हणवत होते. एका मोठ्या कंपनीचा सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर खर्च करायचा, निधी ३१ मार्चच्या आत खर्च व्हायचाय, आपल्या वर्गाला दोन वर्षांसाठी १२ लाख मिळवून देतो, असं त्यांनी सांगितलं. वाद्यं, पोशाख, जागेचं भाडं, शिकवणाऱ्यांचं मानधन, सगळं त्यात बसणार होतं.

मी भोळेपणानं लगेच हो म्हटलं नाही. घरी येऊन माहिती काढली, आणि तिथंच अडकले. कारण त्यांनी सांगितलेला कायदा खरा निघाला. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ज्या कंपनीची नक्त मालमत्ता ५०० कोटी, उलाढाल १,००० कोटी किंवा निव्वळ नफा ५ कोटी किंवा त्याहून जास्त आहे, तिला मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकामावर खर्च करावी लागते. कला आणि संस्कृती अशा कामांच्या यादीत आहे. एवढं जुळल्यावर पुढचंही खरंच असणार, असं मी धरून चालले.

आधी ‘फाइल चार्ज’ म्हणून ११,५०० मागितले. मग नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर संस्थेची नोंदणी करायची म्हणून ८,०००. ती नोंदणी फुकट असते, हे मला नंतर कळलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मंजुरीचं पत्र आलं. कंपनीचं बोधचिन्ह, शिक्का, सही, सगळं होतं. त्यासोबत निरोप आला की, १२ लाखांच्या २ टक्के म्हणजे २४,००० अनामत भरा, पहिल्या हप्त्याबरोबर परत येईल. मी विचारलं, ही अनामत कशाची? तर म्हणाले, “अहो ताई, कायद्यातच २ टक्के आहे ना, तुम्हीच वाचलंय की!”

मी खरंच वाचलं होतं. ते २ टक्के कंपनीनं खर्च करायचे असतात, घेणाऱ्यानं भरायचे नसतात. पण समोर मंजुरीचं पत्र होतं आणि ३१ मार्च जवळ आला होता. पोरांच्या आयांनी भिशी फोडून पैसे गोळा केले. हजार विड्या वळल्यावर हातात काय पडतं हे ज्यांना माहीत आहे, त्यांना हे २४,००० काय होते ते कळेल. पैसे गेले एका माणसाच्या नावावरच्या खात्यात. “संस्थेचं खातं ऑडिटमध्ये अडकलंय,” असं कारण मिळालं. एप्रिल उजाडला आणि फोन बंद झाला.

आता मागं वळून पाहिलं की वाटतं, त्यांनी काय मागितलं यापेक्षा काय मागितलं नाही, हे मी बघायला हवं होतं. आमचं मंडळ धर्मादाय कार्यालयात नोंदलेलं आहे, पण संस्थेला आणि देणगीदारांना करसवलत देणारी आयकर खात्याची १२ए आणि ८०जी नोंदणी आमच्याकडे नाही. १ एप्रिल २०२१ पासून कंपनीचा असा निधी घेऊन काम करणाऱ्या संस्थेला कॉर्पोरेट व्यवहार मंत्रालयाकडे सीएसआर-१ अर्ज भरून नोंदणी क्रमांक घ्यावा लागतो, आणि आमच्यासारख्या संस्थेकडे त्या दोन नोंदण्या आणि आधीच्या तीन वर्षांच्या कामाचा अनुभवही लागतो. या गृहस्थांनी त्यातलं एकही कागदपत्र विचारलं नाही. लेखापरीक्षणाचा अहवाल मागितला नाही. कुठला मुलगा काय शिकतो, मुली रात्री घरी कशा जातात, हेही नाही. एकदाही वर्ग बघायला आले नाहीत. फोटो मात्र पन्नासेक मागवले, “चेहरे स्पष्ट दिसले पाहिजेत” असं सांगून.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर मी तक्रार केली ती पैसे भरल्याला महिना उलटून गेल्यावर. तोवर खात्यात काही उरलं नव्हतं. तुमच्यावर अशी वेळ आली तर लाजेनं थांबू नका, त्याच तासाला फोन करा. पैसे पुढं सरकायच्या आत खातं गोठवता आलं तरच काही हाती लागतं. मी मात्र बायकांना काय तोंड दाखवू या विचारात दिवस घालवले. शेवटी सांगितलं तेव्हा एकीनं एवढंच विचारलं, “अक्का, वर्ग बंद नाही ना करणार?”

वर्ग चालू आहे. भिशीचे पैसे मी दर महिन्याला थोडे थोडे फेडतेय. सीएसआर-१ साठी सरकारी शुल्क नसतं. आधी १२ए आणि ८०जी मिळवायचं, मग तो अर्ज सनदी लेखापालाकडून प्रमाणित करून भरायचा, अशी कागदांची तयारी चालली आहे.

जून महिन्यात एका ओळखीच्या बाईंनी मला एक फोटो पाठवला. आमचीच पोरं, हातात हलग्या, मागं शेडचा निळा पत्रा. खाली ‘अनाथ मुलांना मदत करा’ असा मजकूर आणि पैसे पाठवायचा क्यूआर कोड. आमची मुलं अनाथ नाहीत. त्यांचे आईबाप आहेत आणि ते राबून खातात. तो फोटो तुमच्यापर्यंत आला तर एक रुपयाही पाठवू नका, आणि कुणी पाठवला ते मला कळवा.